वाघाच्या शेजारी (लेखांक ५) : तेंदूचा हंगाम

गेल्या आठवड्यात ताडोबा पाहिला; आज त्याच्या बाहेरचे जंगल. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या चंद्रपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांत गाव, धानाच्या बांद्या आणि रान एकमेकांना लागून आहेत. तिथले कितीतरी वाघ अभयारण्यातले नव्हेत. ते गावशिवारालगतच्या रानातच राहतात आणि तिथेच पिल्ले वाढवतात.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी रानात उभे राहवत नाही, म्हणून तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया पहाटे अंधारातच निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. वाघालाही ऊन सोसत नाही. दिवसा तो नाल्याच्या गारव्यात पडून राहतो. त्याचे फिरणे रात्रीचे आणि पहाटेचे. दोघांची वेळ ऊनच ठरवते, आणि ती एकच ठरते.

त्यात तोडणीची रीत. चांगले कोवळे पान जमिनीलगत फुटलेल्या बुटक्या झुडपांना मिळते. बाई वाकून, कधी उकिडवी बसून झुडपांआड सरकत राहते, नजर पानांवर. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळतो. वाकलेला माणूस त्याला चौपायी सावजासारखा वाटू शकतो. शिवाय वाघ येतो तो मागून, दबकत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.

‘मग जातात कशाला?’ असे शहरात बसून विचारणे मला अन्यायाचे वाटते. सत्तर पानांचा एक पुडा आणि मजुरी शेकडा पुड्यांवर. हंगाम जेमतेम पंधरवड्याचा. धानाच्या पेरणीआधी हातात पडणारी रोकड बऱ्याच घरांत हीच. गावाजवळची पाने लवकर संपतात आणि पावले आत वळतात. घोळक्याने राहा, बोलत राहा, ही वनखात्याची सूचना योग्यच आहे. पण घोळका एकाच झुडपाशी थांबला तर कुणाचेच पुडे भरत नाहीत. म्हणून बाया पांगतात, आणि एकटी पडलेली बाई वाघाच्या तावडीत सापडते.

मृताच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देते. ते द्यायलाच हवेत. पण त्यातला थोडा पैसा हल्ल्याआधी खर्च व्हावा, असे मी आग्रहाने म्हणेन. वाघाच्या हालचालींवर लक्ष ठेवणारी प्राथमिक प्रतिसाद दले अनेक गावांत आहेत. उद्या कोणत्या भागात जायचे नाही, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी गावात सांगावे आणि बंद ठेवलेल्या भागाची मजुरी बुडू देऊ नये. प्रत्येक टोळीमागे पाने न तोडणारा, नुसता उभा राहून चौफेर पाहणारा एक राखणदार असावा. त्यालाही इतरांएवढीच मजुरी मिळावी. तेंदूचे लिलाव हंगामाच्या आधीच होतात. राखणदाराच्या मजुरीची अट तेव्हाच करारात घालता येईल.

(पुढील लेखांक : मोहफुले आणि वणवे)