बिनगियरची सायकल का टिकून आहे?

गंगेच्या खोऱ्यात किंवा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पहाटे दुधाच्या कॅनी घेऊन निघालेली सायकल पाहिली, तर तिला बहुधा एकच गती असल्याचे आढळते. गती बदलण्याची युक्ती काही नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडमध्ये तीन गतींचे हब विकले जाऊ लागले होते. असे असूनही साधी सायकल नाहीशी झाली नाही. ती स्वस्त असते हे खरे. परंतु या प्रश्नाचे उत्तर केवळ किमतीत नाही, यंत्रशास्त्रातही आहे.

प्रथम गियर काय करतो ते पाहू. एखाद्या साध्या सायकलीच्या पुढच्या दंतचक्रास 44 व मागच्या चक्रास 18 दात आहेत असे समजा. पायडलाचा एक फेरा होतो तेव्हा मागचे चाक सुमारे 2.44 वेळा फिरते. चाकाचा परीघ 2.2 मीटर धरल्यास सायकल सुमारे 5.4 मीटर पुढे जाते. क्रँकची लांबी 17 सेंटिमीटर असेल, तर त्याच वेळात पाऊल मात्र सुमारे 1.07 मीटरच सरकते. म्हणजे पावलापेक्षा सायकल पाचपट अंतर तोडते. या लाभाची किंमत बलाच्या रूपाने द्यावी लागते: रस्त्याचा व वाऱ्याचा जेवढा विरोध असेल, त्याच्या पाचपट बल पायांनी सरासरीने लावावे लागते.

स्वार, सायकल व ओझे मिळून 100 किलोग्रॅम वजन आहे असे धरू. सपाट, चांगल्या रस्त्यावर ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना एकूण विरोध सुमारे सव्वा किलोग्रॅम वजनाइतका असतो. तेव्हा पायांवर सरासरी सहा किलोग्रॅमच्या आसपास भार येतो आणि मिनिटाला 46 फेरे पुरतात. निरोगी माणसाला ही मेहनत बराच वेळ सोसवते. वीस मीटर अंतरात एक मीटर उंची गाठणारा चढ लागला, की एकट्या गुरुत्वाकर्षणाचा विरोधच पाच किलोग्रॅमने वाढतो व पायांवरील सरासरी भार 28 किलोग्रॅमच्या घरात जातो. अशा वेळी गती निम्मी करणारा गियर असेल, तर हा भारही निम्मा होतो. मात्र तेवढेच अंतर जाण्यासाठी फेरे दुप्पट करावे लागतात. गियर शक्ती निर्माण करीत नाही. तो केवळ बल व अंतर यांची अदलाबदल करून देतो. ज्या मुलखात चढच नाही, तेथे या अदलाबदलीची गरज क्वचितच पडते.

तिच्यासाठी जे सुटे भाग वाढतात, त्यांचा खर्च मात्र रोजचा असतो. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवावयाची, तर ती अरुंद व लवचीक असावी लागते, आणि पुष्कळदा तिरपी चालते. साध्या सायकलीची साखळी रुंद असते, सरळ रेषेत धावते, आणि तिच्यावर पूर्ण झाकण बसविता येते. त्यामुळे धूळ, चिखल व धोतर-साडीचे काठ तिच्यापासून दूर राहतात. अनेक दंतचक्रांना जागा करून देण्यासाठी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तारा असमान ताणाव्या लागतात. एकच चक्र असले, की चाक जवळपास समतोल राहते व ओझे अधिक चांगले पेलते. शिवाय बिघाड झाल्यास झाडाखाली बसलेला कारागीर पाना व पक्कड एवढ्यावर तो दुरुस्त करू शकतो.

ही केवळ सोयीची बाब नव्हे. बिहार शासनाने 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आरंभिली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की या योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले. आणि ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथे ही वाढ विशेष दिसली. अशा मुलीची सायकल चार दिवस बंद पडली, तर तिचे चार दिवसांचे शिक्षण बुडते. गावातच दुरुस्त होणे हा म्हणूनच त्या यंत्राचा मोठा गुण ठरतो.

तथापि साधेपणाचे स्तोम माजविणेही योग्य नव्हे. झारखंडात दोनशे किलोग्रॅमहून अधिक कोळसा लादलेल्या सायकली माणसे चढावर अक्षरशः ढकलीत नेतात. तेथे एका गतीची मर्यादा उघड होते. टूर द फ्रान्स या शर्यतीत साखळी सरकविणाऱ्या गियरांना 1937 साली मुभा मिळाली. त्यापूर्वीचे स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरत व मागचे चाक उलटे बसवीत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूस अधिक दातांचे चक्र असे. डोंगराळ भागात राहणाऱ्यास, किंवा ज्याचे गुडघे अधू आहेत त्यास, गियर ही चैन नसून गरज आहे.

या दोहोंमधला एक स्वस्त मार्गही आहे. वर सांगितलेल्या सायकलीस 18 दातांऐवजी 22 दातांचे मागचे चक्र बसविले व साखळी हवी तेवढी लांब केली, तर पायांवरील भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीवर वेग थोडा घटतो, एवढेच. तेव्हा सायकल घेताना रोजच्या वाटेवर चढ किती, ओझे किती आणि दुरुस्तीचे दुकान किती दूर, या तीन गोष्टी आधी पाहाव्या. गियर हवेत की नकोत, हे त्यांवरूनच ठरवावे.