काचेच्या पेटीतले बाळ

“बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय!” एवढे शब्द कानी आले, की घरातल्यांच्या काळजात धस्स होते. बाप दाराबाहेर येरझारा घालतो, आजी देवाला हात जोडते. बाळंतिणीला तर वाटते, आपले लेकरू आपल्यापासून हिरावलेच. पण त्या पेटीत त्या इवल्या जिवाला काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

अपुऱ्या दिवसांचे मूल कुठून आले ते पाहा. पोटात अंधार होता, ऊब होती, आईच्या काळजाचे ठोके होते. तिथून ते एकदम लख्ख दिव्याखाली येते. अंगावर चरबी नाही, म्हणून ऊब टिकत नाही; पेटी लागते ती त्यासाठी. श्वासाला नळी, दुधाला नळी, टाचेला सुई. कावीळ असली तर डोळ्यांवर पट्टी आणि वर निळा उजेड. भोवती यंत्रांचे आवाज चालूच. बाळाचे कान जन्माआधीच काम करू लागलेले असतात. त्या गलबल्यात त्याच्या ओळखीचा आवाज एकच, आईचा. आणि नेमका तोच तिथे नसतो.

मग त्याला दुखते का हो? पूर्वी पुष्कळ डॉक्टरही म्हणत, एवढ्या कोवळ्या जिवाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे अशा बाळांच्या शस्त्रक्रिया जुजबी भुलीवर होत. इंदूरला वैद्यक शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद पुढे इंग्लंडात ऑक्सफर्डला गेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीच्या भुलीबरोबर वेदनाशामक औषधही दिले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्या शरीरावर ताण अधिक पडला आणि मागाहून त्रासही अधिक झाला. १९८७ साली हे प्रसिद्ध झाले, आणि जुनी समजूत ढासळू लागली.

बाळ बोलत नाही, पण सांगते. कपाळ आक्रसते, डोळे घट्ट मिटते, बोटे फाकवते. मात्र फार अशक्त बाळ रडतही नाही. तेव्हा गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असे समजू नये. जाणत्या परिचारिका सुई टोचण्यापूर्वी आईच्या दुधाचे किंवा साखरेच्या पाण्याचे मोजके थेंब जिभेवर देतात. त्याने दुखणे कमी होते. पण हा दवाखान्याचा उपचार आहे. तो पाहून घरी मध-साखर चाटवू नका!

आता आईकडे वळू. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, पेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा डॉ. एडगार रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत काढली. कांगारूची मादी आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांत एक ते सुमारे १.८ किलो वजनाच्या बाळांवर ती जन्मापासूनच वापरून पाहिली. २०२१ साली निष्कर्ष आला: आधी प्रकृती स्थिरावू द्यायची आणि मग आईजवळ द्यायचे, या जुन्या रीतीत पहिल्या २८ दिवसांत शंभरातली सुमारे सोळा बाळे दगावत होती, पहिल्यापासून छातीशी ठेवलेल्यांत बारा. आईची कूस हे नुसते लाड नव्हेत, ते औषध आहे.

आपल्याकडेही जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी खास कक्ष आहेत. तुमच्या गावातले बाळ तिथे असेल, तर गुरुजींनी, जाणत्या मंडळींनी त्या घराला एवढे सांगावे: पेटीला भिऊ नका आणि बाळाला घाईने घरी आणू नका. डॉक्टरांना विचारा, “आईला आत कधी घेता? छातीशी कधी देता?” हात स्वच्छ धुवा. बाळाला सारखे कुरवाळू नका. एक तळहात डोक्याशी, एक पायांशी, स्थिर ठेवा आणि हळू बोला. आईला अंगावर पाजता येत नसेल, तर दूध काढून देता येते. ती थकली, तर बाप आपल्या छातीशी घेऊ शकतो.

बाळाला काचेपलीकडचे नीट दिसत नाही. पण आपले माणूस जवळ आले, की त्याच्या अंगाला ते कळते.