सप्तर्षी, ध्रुव आणि अलास्का

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांचे ध्वज लांबून सारखेच दिसतात: निळं कापड आणि मधोमध राज्याची मुद्रा. मुद्रेतली अक्षरं वाचायची तर थेट खांबाखाली जाऊन उभं राहावं लागतं. अलास्काचा ध्वजही निळाच, पण त्यावर आठ सोनेरी ताऱ्यांखेरीज काही नाही. सात सप्तर्षींचे आणि वरच्या कोपऱ्यातला मोठा, ध्रुवाचा. हा ध्वज बेनी बेन्सन या तेरा वर्षांच्या मुलाने काढला.

रशियाकडून १८६७ मध्ये विकत घेतलेला अलास्का १९२७ मध्येही राज्य नव्हता, नुसता केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता. वॉशिंग्टनमध्ये सगळ्या राज्यांचे ध्वज फडकतात, आपला मात्र नाही, हे गव्हर्नर जॉर्ज पार्क्स यांना खटकलं. मग 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेने शाळकरी मुलांसाठी स्पर्धा ठेवली. बेनी सातवीत होता. आई लहानपणीच गेलेली, वडील मच्छीमार. तो सुअर्ड गावच्या अनाथाश्रमात वाढत होता. इतरांच्या चित्रांत पांढरी अस्वलं होती, सोनं होतं, मुद्रा होत्या. बेनीने रात्रीचं आभाळ काढलं. निळा रंग आकाशाचा आणि तिथल्या 'फर्गेट-मी-नॉट' या रानफुलाचा, ध्रुव भावी राज्याचा, तर सप्तर्षी म्हणजे बलवान मोठं अस्वल, असं त्याने सोबत लिहून दिलं होतं.

या चित्राची खरी ताकद त्याच्या अचूकपणात आहे. सप्तर्षींच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू जोडून रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो, हे आपल्याकडेही मुलांना शिकवतात. ध्वजावरही तसंच होतं. जागेचा अक्षांश जेवढा, जवळपास तेवढाच ध्रुव क्षितिजाच्या वर असतो. मुंबईत तो जेमतेम १९ अंशांवर, इमारतींआड हरवणारा. अलास्कातल्या अँकरेजमध्ये ६१ अंशांवर. तिथे सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. मला तर ध्वजाची निवड म्हणून याहून नेमकं काही सुचत नाही.

बक्षीस होतं घड्याळ आणि वॉशिंग्टनच्या सहलीसाठी हजार डॉलर. सहल झाली नाही. पुढे त्याच पैशांतून बेनी डिझेल इंजिनांचं काम शिकला. १९५९ मध्ये अलास्का राज्य झालं, तेव्हा ध्वज तोच ठेवला. बेनीने तो काढला त्याला बत्तीस वर्षं झाली होती.