आतून बाहेर, बाहेरून आत

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची एक गोष्ट मराठवाड्यात घरोघर सांगतात. रात्री जनीकडे आलेला विठ्ठल पहाटे घाईने उठला, आपला शेला तिथेच विसरला आणि तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहिला. पुढे देवाचं पदक सापडेना, जनीवर चोरीचा आळ आला, गोष्ट सुळापर्यंत गेली आणि सुळाचं पाणी झालं. सुळाचं पाणी झालेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. जिने हाताने वाकळ शिवली आहे, ती मात्र ऐकताना आधीच्या प्रसंगापाशी थांबते. चिंध्यांची वाकळ देवाला उबदार वाटली, म्हणून तर तो ती पांघरून गेला.

परभणी म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो. इथला हिवाळाही तेवढाच कडक असतो. कृषी विद्यापीठाच्या आवारातली तापमानाची नोंद कित्येकदा राज्यातल्या सर्वांत कमी नोंदींपैकी एक असते, आणि 2018च्या डिसेंबरअखेरीस तर पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री पत्र्याच्या घरात अंगावर काय आहे, यावर झोप ठरते. म्हणूनच इथल्या बायकांनी पांघरुणाची एक पूर्ण विद्या उभी केली. तिला कुणी डिझाइन म्हटलं नाही, एवढंच.

गोधडी शिवताना पाहिलं की हे पटतं. सारवलेल्या किंवा झाडून काढलेल्या जमिनीवर जुनं सुती लुगडं ताणून पसरायचं. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड. त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, पोलक्याचे तुकडे. कुठला तुकडा कुठे हे बाई आधी मांडून बघते, उभी राहून लांबून पाहते, लाल जरा डावीकडे सरकवते, पुन्हा पाहते. मग वर दुसरं लुगडं नाहीतर ठिगळांचीच वरची बाजू, आणि कडेपासून धावदोरा सुरू. बऱ्याच गोधड्यांत टाका कडेकडेने एक फेरा घेतो, मग त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. चौकोन लहान लहान होत मध्यावर येतात. दोरा जरा जास्त ओढला तर कापड चुरगळतं, सैल सोडला तर आतले थर सरकतात. हाताचा तो अंदाज पुस्तकात सापडत नाही.

आता क्रोशाचा चौकोन घ्या. ज्याला सगळीकडे ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, तो नेमका उलट चालतो. मधोमध चार-सहा साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार झुपके, प्रत्येक झुपक्यानंतर कोपऱ्यासाठी साखळ्या. दुसऱ्या फेरीत आठ झुपके, तिसरीत बारा. चौकोन मध्यातून बाहेर वाढत जातो. त्याचा छापील नमुना 1885 साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकी शेतकी नियतकालिकात आला होता. तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरातही उरलेल्या लोकरीचा प्रश्न होता आणि इकडे फाटक्या लुगड्याचा. दोन्हीकडच्या बायका चौकोनापाशीच पोचल्या.

त्या चौकोनाची दानाशी गाठ पडली ती एका साध्या हिशोबामुळे. अख्खं ब्लँकेट विणायला कित्येक आठवडे जातात, पण वीस सेंटिमीटरचा एक तुकडा संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजताही होतो. 2008 साली सुरू झालेल्या ‘निट-अ-स्क्वेअर’ या उपक्रमाने हेच केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी जगभरातून वीस बाय वीस सेंटिमीटरचे चौकोन मागवले. असे पस्तीस जोडले की एक मीटर रुंद आणि एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब ब्लँकेट होतं. त्याच देशात कॅरोलिन स्टेन यांनी नेल्सन मंडेलांच्या सार्वजनिक जीवनातल्या 67 वर्षांसाठी 67 ब्लँकेटं, असा संकल्प उचलला आणि त्याची चळवळ झाली. आपल्याकडे चेन्नईत 31 जानेवारी 2016 रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट मांडून जागतिक विक्रम केला. एकेकीने घरी विणलेले तुकडे जोडून ते अवाढव्य पांघरूण झालं. विक्रमाचा आकडा डोळे दिपवतो, पण खरं मोल त्यामागच्या हजारो संध्याकाळींचं आहे.

मराठी घरांना हे अनोळखी नाही. तोरणं, टेबलावरचे रुमाल, बाळाची कुंची आणि मोजे यांत क्रोशा पिढ्यान्‌पिढ्या फिरला आहे. 1962च्या युद्धात बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा ते कुणाच्या अंगात जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग परभणीच्या बाईने स्वतःचा चौकोन काढायचा तर तो कसा असेल? डोळ्यांसमोर रोज असतं ते घ्यावं. हा कापसाचा जिल्हा. मानवत, सेलूचे बाजार कापसाने पांढरे होतात. मेहबूब बागेतलं कापूस संशोधन केंद्र परभणीचंच, आणि ‘परभणी तुराब’ नावाचा देशी कापसाचा वाणही. तेव्हा मधोमध फुटलेलं बोंड असू द्या. कड्यात पांढऱ्या लोकरीचे चार फुगीर टाके, म्हणजे चार पाकळ्या. त्यांच्या खाचांतून तपकिरी दोऱ्याची एक फेरी, ती बोंडाची वाळलेली टरफलं. मग हिरवी फेरी. इथवर आकार गोलच असतो.

गोलाचा चौकोन करणं हाच सगळ्यात सुंदर टप्पा. फेरीवर सारख्या अंतराने चार जागा ठरवायच्या. तिथे दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब, की कोपरा उभा राहतो. कोपऱ्याजवळ उंच खांब, बाजूच्या मध्याकडे जाताना अर्धे खांब, अगदी मध्यात मुके खांब. उंच टाके कोपरे बाहेर ढकलतात, बुटके बाजू आत धरतात. टाके जास्त झाले तर कडेला झालर पडते, कमी पडले तर तुकड्याची वाटी होते. दोन्ही वेळा उसवायचं, लाज बाळगायची नाही. शेवटी काळ्या लोकरीच्या फेऱ्या, काळी माती म्हणून. माप वीस सेंटिमीटरला थांबलं की झालं.

दोन सुयांवर विणणारीसाठी तिरका चौकोन सोपा. एका कोपऱ्यात दोन-तीन टाक्यांनी सुरुवात, प्रत्येक ओळीला एक टाका वाढवत जायचं, बाजू वीस सेंटिमीटर भरली की एक एक कमी करत समोरचा कोपरा गाठायचा. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल, पण इथे टाके न मोजता पट्टी लावून चालतं. दहा गावांतून दहा हातांचे तुकडे येणार असतील तर ही सोय फार मोठी आहे.

दानाच्या चौकोनाचे काही नेम मात्र कडक आहेत, आणि ते तसेच असावेत. मोठी भोकं नकोत, लहान मुलाचं बोट अडकतं. मणी, टिकल्या, बटणं नकोत. नवा गडद रंग पांढऱ्या कापडासोबत भिजवून बघावा. चारही बाजूंचे टाके सारखे हवेत, म्हणजे शेजारच्या तुकड्याशी जोड नीट बसतो. आणि शेवटचा दोरा जवळ कापू नये, हातभर लांब सोडावा. जोडणारी बाई त्याच दोऱ्याने शिवते.

हे पांघरूण लागतं कुणाला, याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागातून ऊसतोडीची कुटुंबं बाहेर पडतात. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळची कोपी हेच घर. आई-बाप अंधारात उठून कोयता घेऊन जातात आणि लेकरू कोपीत पाचटावर झोपलेलं राहतं. स्टेशनवर आणि बसस्टँडवर ब्लँकेट वाटप दर हिवाळ्यात होतं, त्याचे फोटोही छापून येतात. बाजारातलं ते ब्लँकेट वाईट नसतं. पण बहुतेक वेळा ते मोठ्या माणसाच्या मापाचं असतं. कोपीतल्या चार वर्षांच्या पोरीसाठी पस्तीस चौकोनांचं माप नेमकं आहे. अॅक्रिलिक लोकर लवकर वाळते, पाणी टँकरचं असेल तिथे हेही बघावं लागतं.

ऊसतोडीला निघण्याआधी दसरा काढायचा असतो. घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा, गोधड्या, दुपटी धुवायला बाहेर येतात. गोदाकाठी दगडावर आपटून त्या धुतल्या जातात आणि काठावर, कुंपणावर, वाळूवर वाळत पडतात. भिजलेली गोधडी दोघींनी धरून पिळावी लागते इतकी जड होते. कुठला रंग उतरला, कुठला जोड उसवला, कुठला तुकडा सगळ्यांच्या आधी विरला, ते उन्हात स्पष्ट दिसतं. संध्याकाळी घडी घालताना बाई त्या जागेवर बोट फिरवते, पोरीला सुई ओवून द्यायला सांगते आणि उसवलेल्या कोपऱ्यापाशी पहिला टाका घालते.