तनख्यातला साहेब

माझ्याकडे लातूर आणि नांदेड भागातली माणसं जुने कागद घेऊन येतात. थोडी मोडी वाचता येते आणि थोडी उर्दू, एवढीच माझी पुंजी. कागद बहुधा सेतवाराची नक्कल असते, कधी १९५४-५५च्या खासरा पाहणीचा उतारा, एखाद्या इनामदाराच्या घरचा मुंतखब. काम वाटणीचं नाहीतर फेरफाराचं. पण कागद उलगडता उलगडता एक प्रश्न हमखास निघतो : "यात साहेबाचं नाव आहे का हो?" आजोबा सांगायचे म्हणे, जमीन साहेबाने दिली, किंवा साहेबापायी गेली. कोणता साहेब, हे मात्र विचारलं की घरात कुणालाच सांगता येत नाही.

हा मुलूख निजामाचा. कंपनी सरकारचा कलेक्टर इथे नव्हता. मग साहेब आला कुठून? या प्रश्नाच्या मागे लागून मी ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याचं नाव विल्यम पामर.

मराठी वाचकाला त्याचे वडील ओळखीचे आहेत, नाव लक्षात नसलं तरी. नाना फडणवीस १८०० साली वारले तेव्हा मराठी राज्यातला शहाणपणा आणि संयम त्यांच्याबरोबरच गेला, असं लिहिणारा पुण्याचा रेसिडेंट तो हाच जनरल विल्यम पामर. त्याची बेगम फैज बख्श ही उत्तरेकडच्या मुसलमान घराण्यातली. त्यांचा मुलगा विल्यम १७८० साली जन्मला, निजामाच्या फौजेत नोकरीला लागला आणि पुढे हैदराबादेत त्याने सावकारी पेढी काढली : विल्यम पामर आणि कंपनी. भागीदारांत बंकटीदास हा गुजराती सावकार होता, आणि सर विल्यम रम्बोल्ड होता. रम्बोल्डची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या पालकत्वाखाली वाढलेली. हे नातं पुढे फार कामी आलं.

शोध घेणाऱ्याची पहिली चूक इथेच होते. वसाहतवाला म्हटला की आपण त्याची जमीन शोधतो : बंगला, बाग, निळीचा मळा, कुठला तरी सर्व्हे नंबर. मीही तेच केलं. पण पामरची पेढी शेताच्या कागदावर शोधायची नसते. आजचे सर्व्हे नंबर हीच मुळात पुढची गोष्ट. १८६५ची जिल्हाबंदी झाली, त्यानंतर निजाम सरकारने मोजणी-जमाबंदीचं खातं उभं केलं, आणि सेतवार त्या कामातून आले. त्याआधीच्या काळासाठी देशमुख-देशपांड्यांच्या घरची मोडी दप्तरं बघावी लागतात. त्यात शेत कमी आणि वसूल जास्त असतो. आणि पामर वसुलात आहे.

त्या व्यवहाराला शब्द होता तनखा. सरकारला रोख पैसा हवा, खजिन्यात तो नाही. मग सावकार पैसा देतो आणि सरकार त्याला चिठ्ठी लिहून देतं : अमुक महालाचा वसूल यांच्याकडे पोचवावा. औरंगाबादच्या घोडदळाचा पगार पामरच्या पेढीने भागवायचा आणि त्यापोटी महालांवरचे तनखे घ्यायचे, अशी व्यवस्था पेशकार राजा चंदूलाल याने लावली. गावात वसुलाला येई तो तालुकदाराचा माणूस. (तालुकदार म्हणजे तेव्हा वसुलाचा मक्ता घेणारा. कलेक्टरच्या तोडीचा 'अव्वल तालुकदार' फार नंतरचा. एकाच शब्दाने मी स्वतः दोनदा फसलो आहे.) म्हणजे कुणब्याच्या दारात उभा असलेला माणूस आपला, आणि पैसा जाणार साहेबाच्या वहीत. "साहेबापायी गेली" या घरगुती आठवणीत इतका अर्थ असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

तारखांचाही एक घोळ आहे. गावचा कागद फसली सनात, दरबारचा बऱ्याचदा हिजरीत आणि इंग्रजी पत्रव्यवहार इसवी सनात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, आणि वर्ष जानेवारीत बदलत नसल्यामुळे पुढच्या सनाचे काही महिने त्यात पडतात. फसली १२३० म्हणजे १८२०-२१. हे एकच वर्ष लक्षात ठेवलं तरी पुष्कळ गोष्टी जागेवर बसतात.

कारण १८२० साली पेढीने निजाम सरकारला साठ लाखांचं कर्ज दिलं. निदान वहीत तसं लिहिलं गेलं. कर्जाची कारणं जी सांगितली त्यांत रयतेला तगाई देणं हेही एक होतं. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने वह्या उलट्या बाजूने वाचल्या. साठ लाखांतले आठ लाख पेढीचा 'बोनस' होते आणि उरलेल्यातला बराच भाग जुन्याच देण्याची फिरवाफिरव होती. बी-बियाण्याला आणि बैलाला म्हणून काढलेलं कर्ज शेतापर्यंत गेलंच नाही. फेड मात्र शेतातून व्हायची होती.

आता कोर्ट. १७९७च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाला परवानगीशिवाय देशी राजांना कर्ज देता येत नव्हतं. पामरने १८१६ साली हेस्टिंग्जकडून ती परवानगी मिळवली होती. व्याजाचा प्रश्न उरला. कंपनीच्या मुलखात शेकडा बाराच्या वर व्याज बेकायदा. पण हैदराबाद हा कंपनीचा मुलूख कुठे होता? हा मुद्दा विलायतेत न्यायाधीशांपुढे गेला आणि १८२५ साली त्यांनी मत दिलं, की देशी राजाच्या राज्यात ती मर्यादा लागू होत नाही. म्हणजे संधी करायच्या वेळी निजाम कंपनीच्या हाताखालचा, आणि व्याजाच्या वेळी परका. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग या वाक्यावर येतो, पामरवर नव्हे.

पेढी १८२४ साली बुडाली. त्याआधीच निजामाचं देणं एका वेगळ्याच वाटेने फेडलं गेलं होतं. उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनी निजामाला दरसाल सात लाख पेशकश देई. १८२३ साली ती कायमची मोडून सुमारे एक कोटी सोळा लाख रुपये एकरकमी घेतले आणि त्यातून पेढीचा हिशेब चुकता केला. तरी वाद मिटला नाही. मुनीर-उल-मुल्क या दिवाणाकडच्या येण्यासाठी झगडा चालूच राहिला. त्याबाबतचा खलिता हिंदुस्थानात धाडायला कंपनीचे संचालक तयार नव्हते, तेव्हा लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टाने १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना तसा हुकूम केला. याच मुनीर-उल-मुल्कचा नातू म्हणजे पुढे वसुलाची मक्तेदारी मोडून जिल्हाबंदी करणारा पहिला सालारजंग.

पामर खुद्द कुठे गेला नाही. बुडाल्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं तो हैदराबादेतच राहिला आणि १८६७ साली तिथेच वारला. शिकस्त्यात नुक्ते गाळून लिहितात, तेव्हा 'पे'चा 'बे' होतो आणि पामर 'बामर' वाचला जातो. नुक्ता दिला तर आपल्या कानाला संतांचा 'पामर' ऐकू येतो. हिशेबात दोन्ही रूपं शोधावी लागतात.

दुसरा साहेब त्याच घरातला. पामरची मुलगी मेरी १८३२ साली निजामाच्या फौजेतल्या फिलिप मेडोज टेलरला दिली होती. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी (हे देणं पामरच्या देण्याहून वेगळं) १८५३ साली निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि तिथे अधिकारी म्हणून आला तो टेलर. लातूरहून औसा, तुळजापूर करत नळदुर्गला जाताना मी नेहमी विचार करतो, की सासऱ्याने ज्या राज्याचा वसूल वहीत पाहिला, त्याच राज्याच्या एका तुकड्यात जावई जमीन मोजायला उतरला. तुळजापूर परिसर त्याला तरुणपणीच्या पोलिसी कामापासून ठाऊक होता. 'तारा' ही कादंबरी त्याने तिथेच घडवली. १८६० साली नळदुर्ग निजामाला परत गेलं आणि मोजणीचा साहेबही गेला.

मागच्या उन्हाळ्यात औशाकडचे एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. सेतवाराची नक्कल होती, कडेला फाटलेली. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "यात नाही सापडायचा काका. घरात याच्याही आधीचं काही आहे का? मोडीतलं, वसुलाचं, जमाखर्चाचं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माळ्यावर एक गाठोडं आहे. ते हिशेबाचं म्हणून आम्ही कुणाला दाखवतच नाही."