ऑन-रोड किती?

मुंबई नाका मागे पडतो आणि पाथर्डी फाट्याकडे जाणारा सर्व्हिस रोड गच्च होतो. परवा दसरा. उड्डाणपुलाच्या सावलीत झेंडूचे ढीग लागलेत, टेम्पोतून अजून क्रेट उतरताहेत. सकाळचे अकरा वाजलेत आणि ऊन आत्ताच डोळ्यांत घुसतंय. पावसाळा सरता सरता नाशकात जो उकाडा सुटतो, तो हा. रस्त्याच्या कडेने शोरूममागून शोरूम. दारांवर फुग्यांच्या कमानी. कमानीखालून पाय झटकत माणसं आत शिरताहेत. कुणी हातात कागदांची पिशवी घट्ट धरली आहे.

काचेचं दार उघडतं. गारवा अंगावर येतो, पाठोपाठ नव्या टायरचा आणि प्लास्टिकचा वास. आत लग्नघराची गर्दी आहे. आज्या खुर्च्यांवर, मुलं गाड्यांत. एक पोरगा स्टेअरिंग धरून तोंडाने हॉर्न वाजवतोय. खाली उतरायला तो तयार नाही आणि उतरवायला त्याचे वडील तयार नाहीत. कॉफीच्या यंत्रातलं दूध संपलंय. टोकन नंबर पुकारला जात नाही, पण सगळ्यांच्या हातात टोकन आहे.

डाव्या हाताला डिलिव्हरीची जागा. गाडीवर लाल साटीनचं कापड. पुढच्या चाकांखाली लिंबं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, अजून ओलं. फोटोसाठी पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देतात. कापड ओढलं जातं, टाळ्या पडतात, पेढ्याचा बॉक्स फिरतो. माझ्याही हातात पेढा येतो. मी त्यांचा कुणी नाही, पण आज इथे कुणी परकं नाही. त्या घरातली म्हातारी पदराने आरसा पुसते. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे. पुढे जे काही पाहायचं, ते या आनंदाची किंमत मनात ठेवूनच पाहावं लागतं. कारण पलीकडच्या टेबलांवरचा सगळा व्यवहार त्याच्याच भरवशावर चाललेला आहे.

त्यातल्या एका टेबलाशी एक जोडपं बसलंय. बाई शाळेत शिक्षिका आहेत. कर्ज त्यांच्या पगारावर, गाडी त्यांच्या नावावर. प्रश्नही त्याच विचारतात. समोरचा सेल्सचा मुलगा उत्तर मात्र त्यांच्या नवऱ्याकडे बघून देतो.

"ऑन-रोड किती?"

"सर, बघा..." तो माहितीपत्रक उलटं करतो आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनाने आकडे मांडायला लागतो. एक्स-शोरूम साडेनऊ लाख. आरटीओ एक लाख पाच. इन्शुरन्स शेहेचाळीस. ॲक्सेसरीज चोवीस. एक्स्टेंडेड वॉरंटी अठरा. हँडलिंग साडेआठ. फास्टॅग. "राउंड फिगर साडेअकरा पकडा, यात सगळं आलं." बेरजेखाली दोन रेघा ओढल्या जातात. कागदावर नाव नाही, तारीख नाही, सही नाही. कंपनीचं मानचिन्ह आहे, पण ते उलट्या बाजूला.

बाई पहिल्यापासून वाचायला लागतात. एक्स-शोरूम छापील आहे, त्यात प्रश्न नाही. 2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि वरचा उपकरही गेला. हा पहिला आकडा तेव्हा खाली उतरला. खालच्या हँडलिंगच्या ओळीला त्या करकपातीने धक्का लागण्याचं कारण नव्हतं. आरटीओचा आकडाही पडताळता येतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के कर. साडेनऊ लाखांवर एक लाख साडेचार हजार होतात. वर थोडं शुल्क. ठीक.

"हँडलिंग म्हणजे काय?"

"यार्डातून इथे आणणं, वॉशिंग, पेपरवर्क. सगळेच घेतात, सर."

सगळेच घेतात, हे उत्तर या रस्त्यावर सगळीकडे मिळतं. कुठल्याही सरकारी पावतीवर ही ओळ नसते. विकायची गाडी विकण्याच्या जागी आणणं, ती धुणं, हे विकणाऱ्याचंच काम आहे असं मला वाटतं. याच शहरात, सातपूरच्या वसाहतीत, गाड्या बनतात. त्या लादलेले लांबच लांब ट्रेलर याच महामार्गावरून रोज जातात. तिथल्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाही गाडी घेताना हँडलिंगची ओळ वाचावी लागते.

शेजारच्या टेबलावर दिंडोरीकडचे नाना बसलेत. मुलगा, सून, दोन नातवंडं. टोपी मांडीवर. फोन सारखा वाजतोय. द्राक्षाची छाटणी तोंडावर आहे, मजुरांची टोळी आज येणार की उद्या, ते ठरत नाही. त्यांना डिझेलची मोठी गाडी हवी आहे, तेरा लाखांची. डिझेलला दहा ते वीस लाखांत 14 टक्के, म्हणजे कराचेच एक लाख ब्याऐंशी हजार. त्याखाली आणखी एक ओळ: टीसीएस, तेरा हजार.

"हे काय, भाऊ?"

"गव्हर्नमेंटचं असतं, नाना. दहा लाखांच्या वर एक टक्का. रिटर्न भरला की परत मिळतं."

नाना मान डोलावतात. त्यांचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. विवरणपत्र त्यांनी कधी भरलेलं नाही. ते तेरा हजार खरोखरच परत मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, हे वाक्य कुणी पूर्ण करत नाही. सून मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेते.

आता वेटिंगचा विषय निघतो. शिक्षिकाबाईंना पांढरा रंग हवा आहे. "दहा आठवडे," मुलगा सांगतो. मग आवाज खाली आणतो. "एक कॅन्सलेशनची गाडी आहे पण. सिल्व्हर. दसऱ्याला देऊ शकतो. फक्त ॲक्सेसरीज बसवलेल्या आहेत, त्या काढता येत नाहीत." चोवीस हजारांचं ते पॅकेज असं: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दारांच्या पट्ट्या, बुटाखाली उजळणाऱ्या पट्ट्या, टेफ्लॉन कोटिंग. बाहेर मिळणाऱ्या याच वस्तूंच्या किमती नवरा मोबाइलवर दाखवतो. मुलगा स्क्रीनकडे बघतही नाही. "ते जेन्युइन नसतं, सर."

मागच्या सोफ्यावरचे एक निवृत्त गृहस्थ आपणहून बोलायला लागतात. चेतकसाठी नाव नोंदवलं तेव्हा नंबर यायला वर्षं जायची, ते सांगतात. लवकर हवी तर वर 'ऑन' द्यावा लागायचा. "तेव्हा गाड्याच कमी बनायच्या हो. आता यार्डात रांगा लागल्यात. मग थांबायचं कशासाठी?" त्यांना कुणी उत्तर देत नाही. एसीचा आवाज ऐकू येतो.

इन्शुरन्सचं टेबल जिन्याखाली आहे. तिथे तिघंजण उभे, कारण बसायला जागाच नाही. शिक्षिकाबाईंच्या भावाने बाहेरून कोटेशन काढून पाठवलंय, चौतीस हजार. इथे शेहेचाळीस.

"बाहेरचा घेतलात तर कॅशलेस होणार नाही, मॅडम."

हे वाक्य ऐकून भले भले मागे सरतात. अपघात, बंद पडलेली गाडी, खिशातून भरायचे पैसे, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात कॅशलेस होणार की नाही, ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का, यावर ठरतं. पॉलिसी कुणाच्या टेबलावर फाडली, याच्याशी त्याचा संबंध नाही. 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला त्याचा 2022 मध्ये ठरलेला दर 10,640 रुपये, वर जीएसटी. तो देशभर एकच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यावरच्या ॲड-ऑनमध्ये. तिथेच बारा हजार लपलेले आहेत. विशिष्ट विमा घेण्याची सक्ती विक्रेत्याला करता येत नाही, असं विमा नियामकाची 2017 पासूनची नियमावली सांगते. हे या टेबलावर लावलेल्या कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. पहिल्या सर्व्हिसची सूट मात्र मोठ्या अक्षरांत आहे.

गाडी बघितल्याशिवाय पैसे भरणार नाही, असं बाई सांगतात. मुलगा जरा थांबतो. "यार्डात कस्टमरला अलाउड नसतं." बाई उठत नाहीत. शेवटी तो मॅनेजरकडे जाऊन येतो, आणि दोन दुचाकींवरून सगळे विल्होळीच्या बाजूला निघतात. मीही मागोमाग.

यार्ड म्हणजे पत्र्याचं कुंपण, खडी, गुडघाभर गवत. शेकडो गाड्या, एकीला लागून एक. काचांवर पावसाचे सुकलेले ओघळ. सीटवर प्लास्टिक. धातूला हात लावला की चटका बसतो. राखणदार चाव्यांच्या पेटीत बराच वेळ शोधतो. सिल्व्हर गाडी तिसऱ्या रांगेत सापडते. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर बाई कागदावर उतरवतात आणि बोटाने एकेक अक्षर ताडून बघतात. मग टायरपाशी बसतात. रबरावर चार आकडे उठलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वसंतातले निघतात, म्हणजे गाडी उन्हाळ्यापासून इथे उभी असणार. मागच्या बंपरवर ओरखडा आहे, नखाला लागतो.

"पॉलिश करून देतो, मॅडम."

"नोंदणीच्या आधी. आणि फोटो काढून घेतेय मी."

हा आग्रह योग्य आहे. पूर्ण बांधणीची नवी गाडी आता पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागत नाही. विक्रेताच ऑनलाइन कागद चढवतो, कर भरतो, नंबर येतो आणि हाय सिक्युरिटी पाटी लागली की गाडी बाहेर पडते. सोय मोठी आहे. पण एकदा एमएच-15 चा नंबर आपल्या नावावर पडला की बंपरवरचा ओरखडाही आपला होतो. हातात काही राहतं ते त्याआधीच.

परतीच्या वाटेवर तो मुलगा टपरीवर थांबतो. चहा सांगतो. बाई ऐकण्याच्या अंतरावर नाहीत, तेव्हा तो माझ्याशी जरा मोकळा होतो. गाडीच्या किमतीत त्याला फारसं काही मिळत नाही. मिळतं ते ॲक्सेसरीजवर, इन्शुरन्सवर, वॉरंटीवर. महिन्याचं टार्गेट आहे. "पितृपक्षात यायचं होतं त्यांनी, दादा. तेव्हा शोरूममध्ये माश्या मारत होतो. जे मागतील ते दिलं असतं." त्याच्या बुटांवर यार्डाची लाल धूळ बसली आहे. सकाळपासून तो जेवलेला नाही. मला त्याचा राग येत नाही. आकडे माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहायला त्याला कुणी तरी शिकवलंय. ज्याने शिकवलं, तो काचेच्या केबिनमध्ये आहे.

शोरूममध्ये परत येईपर्यंत दुपार कलंडली आहे. ऑनलाइन यंत्रणा अडकली आहे. ज्यांना आज गाडी न्यायची आहे ती माणसं ओटीपीची वाट बघत बसलीत, आधारला जोडलेला फोन घरी राहिलेला एक जण रिक्षा शोधायला पळतो. पोरगा स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपला आहे.

शिक्षिकाबाई थेट केबिनमध्ये जातात. दार उघडंच राहतं.

"मला छापील कोटेशन हवंय. एकेक ओळ वेगळी. डिलिव्हरीची तारीख त्याच्यावरच."

"मॅडम, बुकिंग केलं की सिस्टीममधून निघतं."

"आधी कागद, मग बुकिंग. ॲक्सेसरीज घेतल्या तरच गाडी, हेही त्याच्यावर लिहून द्या."

मॅनेजर हसतात. असं कुणी लिहून देत नाही. देणारही नाही. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, ही अट 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला मान्य नाही, आणि ते त्यांना ठाऊक असावं. बाई आवाज चढवत नाहीत. पर्समधून फोन काढतात, टेबलावर ठेवतात. "मग मी 1915 वर विचारते. ग्राहक हेल्पलाइन आहे ती."

थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. मग प्रिंटर सुरू होतो.

कागद येतो. त्यावर हँडलिंगची ओळ नाही. इन्शुरन्सच्या रकान्यात 'ग्राहकाचा स्वतःचा'. वॉरंटी 'ऐच्छिक'. ॲक्सेसरीज चोवीसवरून नऊ हजारांवर आल्यात, मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर तेवढे राहिलेत. टेफ्लॉन गेलं, दारांच्या पट्ट्या गेल्या, उजळणाऱ्या पट्ट्याही गेल्या. काढता येत नाहीत म्हणून सांगितलेल्या वस्तू निघाल्या आहेत. तारीख मात्र कोरी. बाई कोऱ्या जागेवर बोट ठेवतात. मॅनेजर पेन उघडतात, दसऱ्याची तारीख लिहितात, खाली सही करतात. शिक्का शोधायला दोघं धावतात.

सही झालेला कागद घेऊन बाई आपल्या टेबलाशी येतात, नवऱ्यापुढे ठेवतात आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागतात, या वेळी मोठ्याने. शेजारच्या टेबलावर नानांचा फोन वाजतोय, तो उचलला जात नाही. सून खुर्ची वळवून ऐकते आहे. हँडलिंग नाही, हे ऐकल्यावर ती आपल्यापुढचं माहितीपत्रक उलटं करते, बॉलपेनाने लिहिलेले आकडे बघते आणि समोरच्या मुलाकडे सरकवते.

"दादा, आम्हालाही असाच छापील कागद द्या. टीसीएसची ओळ वेगळी दाखवा, आणि ते परत कसं मिळवायचं तेही सांगा."