न पाहता केलेला सौदा

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की घराघरांत दोन हिशेब सुरू होतात. एक जकात आणि फित्र्याचा, दुसरा ईदच्या खरेदीचा. पहिला अजूनही वडीलधारी मंडळी वहीत मांडतात. दुसरा मात्र मोबाईलवर गेला आहे. तरावीहची नमाज पढून घरी आले की झोपेपर्यंतच्या अर्ध्या तासात कुणी मुलांचे कुर्ते पाहतो, कुणी खजुराचे भाव, कुणी अत्तराच्या बाटल्या.

ही सोय लहान नाही. पहाटे साडेतीनला उठून सहेरी करणारी, दुपारनंतर इफ्तारच्या तयारीला लागणारी गृहिणी रोजा ठेवून बाजारात तीन तास फिरणार कधी? गुडघे दुखणाऱ्या आजीने चाँदरातीच्या गर्दीत शिरावे कसे? मोठ्या शहरातल्या दुकानात मिळणारी अबाया आज मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी घरपोच येते. चिपळूण-खेडकडचा मुलगा कुवेतला नोकरीला असतो. पूर्वी तो गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाजवळ ईदचे कापड द्यायचा. ते वेळेवर पोचले तर नशीब. आज तो तिथूनच आईसाठी साडी निवडतो आणि चार दिवसांनी आई ती नेसून व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवते. या आनंदाला नाव ठेवण्याचे कारण नाही.

शिंप्याच्या दुकानावर पंधराव्या रोजाच्या आसपास ‘ईदच्या ऑर्डरी बंद’ अशी पाटी लागते. त्यानंतर आठवण झालेल्या घरांना तयार कपड्यांचाच आधार असतो. शिवाय घरबसल्या भाव ताडून पाहता येतो. अजवा, मेडजूल, कलमी, किमिया अशा खजुरांचे दर एका नजरेत दिसतात. फक्त डब्याचे वजन पाहून किलोचा भाव काढावा लागतो. चारशे ग्रॅमचा डबा अर्ध्या किलोपेक्षा स्वस्त दिसतो, पण हिशेब केला की कधी कधी तोच महाग पडतो.

अडचण सुरू होते ती पार्सल उघडल्यावर. बाजारात आपण कापड चिमटीत धरतो, उजेडात नेतो, अत्तर मनगटावर लावून पाहतो. मोबाईलवर हात लागत नाही आणि वास येत नाही. ‘चिकनकारी’ असे लिहिलेला कुर्ता हातभरतीचा आहे की यंत्रावरचा, हे कापड उलटे करून मागचे टाके पाहिल्यावर कळते. फोटोत मागची बाजू क्वचितच असते.

गेल्या वर्षी आमच्या घरी भाच्यासाठी पठाणी मागवला. माप बरोबर लिहिले होते, फोटोत रंग गडद हिरवा होता. आला तो पोपटी, आणि बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या. परत करायला गेलो तर पडद्यावर एक यंत्र उत्तर देऊ लागले. तेच चार प्रश्न, तीच चार उत्तरे. माणसाशी बोलायला दोन दिवस लागले. शेवटी तक्रार अधिकाऱ्याचा ई-मेल शोधून फोटोसह लिहिले, तेव्हा पैसे परत आले. ईद मात्र भाच्याने जुन्या कुर्त्यावर केली.

अशा वेळी मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग आठवतो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले, की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. धान्य भिजणे हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ते कोरड्या धान्याखाली राहिले, हा दोष होता. आजच्या बाजारात फोटो म्हणजे ढिगावरचे कोरडे धान्य. ओले काय आहे, ते बारीक अक्षरांत खाली कुठेतरी असते किंवा नसतेच.

न पाहता केलेल्या सौद्याचा विचार फिकहच्या जाणकारांनी शेकडो वर्षांपूर्वी केला आहे. मालात दोष निघाला तर सौदा मोडण्याच्या हक्काला ‘खियारे ऐब’ म्हणतात. हनफी फिकहमध्ये ‘खियारे रूयत’ही आहे. वस्तू न पाहता घेतली असेल तर पाहिल्यावर ठेवायची की परत करायची, हे ठरवण्याचा हा हक्क. उंट आणि कापडाच्या व्यापारासाठी मांडलेला हा विचार पार्सलच्या जमान्यालाही नेमका लागू पडतो.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने गेला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै 2020 मध्ये लागू झाले. वस्तू सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर पूर, संप अशा हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ईदच्या आधी देतो म्हणून सांगितलेला आणि ईदनंतर आलेला कुर्ता ठेवून घेण्याची सक्ती आपल्यावर नाही. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. मात्र केवळ आवडला नाही म्हणून परत करायचे असेल, तर ते विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून असते. म्हणून त्या अटी पैसे भरण्याआधी वाचाव्यात.

तरीही दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार दाखल करता येते. कंपनी बंगळुरूची असली तरी आपल्याला तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.

‘फक्त दोन शिल्लक’, ‘दहा मिनिटांत ऑफर संपणार’ अशा खोट्या घाईलाही आळा घालण्याचा प्रयत्न झाला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या 13 युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न विचारता टोपलीत वस्तू टाकणे आणि शेवटच्या पानावर किंमत वाढवणे हेही त्यात येते. ईदच्या तोंडावर येणाऱ्या अनोळखी लिंकपासूनही जपावे. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी तो मागितला तर ती फसवणूकच. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावे.

आता आपल्या बाजूचे. ईदच्या नमाजेला घालून गेलेला कुर्ता, लेबल न काढता, अत्तराच्या वासासकट तिसऱ्या दिवशी परत पाठवणारी मंडळी आहेत. ‘कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो’ असे ते म्हणतात. पण त्या संकेतस्थळांवर विकणारे पुष्कळ जण छोटे व्यापारी असतात. परत आलेला वापरलेला माल पुन्हा विकता येत नाही आणि तोटा त्यांच्या गल्ल्यात पडतो. परत करण्याचा हक्क वस्तू पाहून ठरवण्यासाठी आहे, फुकट वापरण्यासाठी नाही. हेही ओले धान्य कोरड्याखाली दडवणेच झाले, फक्त दडवणारा हात गिऱ्हाईकाचा. तीच गोष्ट दारात पैसे देण्याच्या ऑर्डरची. मन बदलले म्हणून दारातून माणूस परत पाठवला, तर त्याची फेरी वाया जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पार्सल उशिरा पोचते.

मग करायचे काय? जे मागवायचे ते तिसरा अशरा सुरू होण्याआधी मागवा, म्हणजे बदलून घ्यायला वेळ राहील. घरातल्या चांगल्या बसणाऱ्या कुर्त्याची छाती, लांबी आणि बाही टेपने मोजा. नुसत्या ‘एल’ किंवा ‘एक्सएल’वर जाऊ नका. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा होतो. अत्तर, टोपी, शेवया, चारोळी अशा हाताने पारखायच्या गोष्टी मोहल्ल्यातल्या दुकानातूनच घ्या. त्या दुकानदाराचीही ईद आहे. आणि मगरिबच्या सुमारास पार्सल घेऊन कुणी दारात उभा राहिला, तर सही करताना त्याला पाणी आणि दोन खजूर जरूर द्या. दिवसभर जिने चढणारा तो माणूस कदाचित रोजाने असेल, आणि अजान त्याला जिन्यातच ऐकू येत असेल.